पुण्यात जुन्या कुंड्या आणि बागेचं सामान स्वस्तात किंवा फुकट कसं मिळवावं

बाल्कनीत किंवा गच्चीवर पंधरा-वीस झाडं लावायची म्हटली, की रोपांपेक्षा कुंड्या, माती आणि खत यांनाच जास्त पैसे लागतात. हेच सामान शहरात रोज कुणीतरी काढून टाकत असतं. ते भंगारात किंवा कचऱ्याच्या गाडीत जायच्या आधी आपला निरोप त्या माणसापर्यंत पोचलेला असला, की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे आणलेली वस्तू पारखणं. कारण फुकट आणलेल्या कुंडीतून रोग आला किंवा रसायनाच्या ड्रममध्ये पालक लावला, तर ते फार महागात पडतं.

केव्हा शोधायचं

एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. परीक्षा संपून विद्यार्थी खोल्या सोडतात, बदल्या होतात, शाळा सुरू व्हायच्या आत भाडेकरू घरं बदलतात. माती भरलेल्या कुंड्या टेम्पोत घ्यायला सामान हलवणारे कुरकुर करतात, त्यामुळे त्या जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात राहून जातात. दुसरा हंगाम नवरात्राच्या आधीपासून दिवाळीपर्यंतचा. घर आवरताना बाल्कनीतली वाळलेली झाडं कुंडीसकट बाहेर निघतात, आणि रंगकाम चालू असल्यामुळे रंगाच्या रिकाम्या बादल्याही याच दिवसांत मिळतात.

तिसरा साठा वर्षभर चालू असतो: पुनर्विकासाला गेलेल्या सोसायट्या. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा जुन्या भागांत चार मजली इमारत रिकामी होते आणि पाडकाम सुरू व्हायला मध्ये काही दिवस जातात. नव्या भाड्याच्या घरात जागा नसल्यानं रहिवाशांनी मागे ठेवलेल्या सिमेंटच्या कुंड्या, तुळशी वृंदावनं, वॉश बेसिन, शहाबादी फरश्यांचे तुकडे, अर्ध्या विटा, खिडक्यांच्या जाळ्या हे सगळं तिथं असतं. गेटवरच्या काकांना विचारून पाडकामाच्या ठेकेदाराची परवानगी घ्या, कारण रिकाम्या इमारतीतलं सामान बहुतेक वेळा त्याच्या करारात गेलेलं असतं. लोखंड तो देणार नाही, पण कुंड्या आणि फुटक्या विटा त्याला नकोच असतात. पाडकाम एकदा सुरू झालं, की आत पाऊल टाकू नका. आणि जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे कितीही सोयीचे वाटले तरी आणू नका. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. वाफ्याच्या मापाला ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली, की कायमची इजा करते.

विचारायचं कसं

‘कुणाकडे जुन्या कुंड्या आहेत का?’ असा मोघम निरोप सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात टाकला, तर शंभरजण वाचतात आणि कुणी उत्तर देत नाही. निरोप असा लिहा:

‘नमस्कार. भाजी लावण्यासाठी रिकाम्या कुंड्या, रंगाच्या बादल्या किंवा जुना माठ हवा आहे. तडा गेलेला असला तरी चालेल. वाळलेल्या झाडासकट आणि मातीसकट नेईन, जागा झाडून देईन. शनिवारी सकाळी ९ ते ११ मध्ये येऊ शकते.’

यातलं ‘मातीसकट नेईन’ सगळ्यात उपयोगी. लोकांना कुंडीची अडचण नसते, मातीचं काय करायचं हा प्रश्न असतो. ओल्या कचऱ्यात माती घेत नाहीत, सुक्यातही घेत नाहीत, म्हणून कुंडी वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहते. ही अडचण तुम्ही सोडवलीत, की कुंडीबरोबर खुरपं आणि अर्धी खताची पिशवीही हातात येते.

तसंच सोसायटीच्या वॉचमन काकांना आणि माळीमामांना सांगून ठेवा: ‘कुणी कुंड्या खाली आणून ठेवल्या तर एक मिस्ड कॉल द्या.’ माळीमामा चार-पाच सोसायट्यांत आणि एखाद्या ऑफिसात काम करतात. ऑफिसांच्या आवारातली झाडं ठरावीक काळानं बदलली जातात आणि प्लॅस्टिकच्या चांगल्या कुंड्यांचा ढीग मागे राहतो. तो कुठे पडलाय हे त्यांनाच ठाऊक असतं. चहापाण्याचे पैसे द्या. ज्यांनी कुंड्या दिल्या त्यांना दोन महिन्यांनी त्याच कुंडीत वाढलेली कोथिंबीर किंवा गवती चहाचं रोप नेऊन द्या. पुढच्या वेळी ते स्वतःहून फोन करतात.

भंगारवाल्याकडून घेताना

भंगाराच्या दुकानात भाव वस्तूचा नसतो, वजनाचा असतो. हे लक्षात घेऊनच बोलणी करा. २० लिटरची रंगाची बादली साधारण ८०० ग्रॅम ते १ किलो भरते. आधी विचारा, ‘दादा, बादलीच्या प्लॅस्टिकचा किलोचा भाव काय चाललाय?’ मग त्या भावाच्या दुप्पट देऊ करा. दुकानदाराला पुढच्या व्यापाऱ्याकडून मिळणार त्यापेक्षा जास्त मिळतात, आणि तुम्हाला नव्या कुंडीच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात बादली मिळते. ‘ही बादली केवढ्याला?’ असं विचारलंत, की तो अंदाजानं आकडा सांगतो आणि घासाघीस सुरू होते.

घरी कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनाही विचारा. सुका कचरा विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग आहे, म्हणून त्यांच्याकडून कुंडी किंवा डबा घेताना फुकट मागू नका. भंगारात मिळाले असते त्याहून थोडे जास्तच द्या.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं कुंड्यांपेक्षा हत्यारं बघा: खुरपी, कुदळ, विळा, झाडं छाटायची कात्री, पत्र्याची झारी. जुन्या खुरप्याचं पातं बहुतेक वेळा चांगल्या पोलादाचं असतं. पात्याचं मागचं टोक मुठीत नीट बसलंय का ते हलवून बघा. मूठ कुजलेली असली तरी चालते, लोहाराकडे किंवा सुताराकडे ती बदलून मिळते, पण पात्याला मुळाशी चीर असेल तर सोडून द्या. कात्रीची स्प्रिंग गेलेली चालते. दोन्ही पात्यांमध्ये फट राहत असेल, तर ती फांदी कापत नाही, चेचते, आणि चेचलेल्या जागी बुरशी धरते. गंज काढायला पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या घासणीनं घासा, लगेच धुऊन पुसा आणि खोबरेल किंवा मशीनचं तेल लावा.

कोणत्या डब्यात काय लावता येतं

*रंगाची बादली.* पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचीच घ्या, म्हणजे डिस्टेंपर किंवा इमल्शनची. ऑइल पेंट, थिनर, वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे डबे भाजीला नकोत. बादली धुवायची घाई करू नका. तळाशी राहिलेला रंग दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. मग कडेला नखानं उचकटलं, की त्याचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा अखंड सुटून येतो. ओला असताना धुतलात तर सगळा रंग गटारात जातो आणि बादलीही नीट निघत नाही. २० लिटरच्या बादलीत टोमॅटो, वांगं किंवा मिरचीचं एक झाड उत्तम येतं.

*तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा.* फरसाणवाले, वडेवाले, खानावळी यांच्याकडे मिळतो, बहुतेक ठिकाणी थोडे पैसे देऊन. एप्रिल-मे महिन्यात पत्रा तापतो आणि कडेची मुळं भाजतात, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा. दीड-दोन वर्षांत तळ गंजतो.

*थर्माकोलची खोकी.* गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा जवळच्या मासेवाल्याकडे. औषधांच्या घाऊक दुकानांतही बर्फ घालून आलेल्या औषधांची खोकी रिकामी पडलेली असतात. पालेभाज्यांना ही खोकी आम्हाला कुंडीपेक्षाही बरी वाटतात: वजन नगण्य, आणि उन्हाचा ताप मुळांपर्यंत पोचत नाही. ६ ते ८ इंच खोली मेथी, पालक, कोथिंबिरीला पुरते. मासळीचं खोकं भांड्यांच्या साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर मांजरं सगळी माती उकरतात. उघड्या उन्हात थर्माकोलचा भुगा होऊन वाऱ्यावर उडतो, म्हणून बाहेरून जुनी चादर किंवा गोणपाट लावा आणि सुटायला लागलं की लगेच बदला.

*आंब्याची पेटी, क्रेट, पोती.* मार्केट यार्डात आंब्याच्या हंगामात लाकडी पेट्या भरपूर असतात. लाकूड हलकं असतं, एक पावसाळा टिकलं तरी पुष्कळ. प्लॅस्टिकचे क्रेट उचलू नका. ते गाळेवाल्यांचे, अनामत घेऊन फिरणारे असतात आणि त्यांवर नाव असतं. फुटलेले क्रेट मात्र विचारून मिळतात. धान्याच्या दुकानातली रिकामी पोती बटाटे, रताळी, हळद लावायला चांगली.

*निळा ड्रम.* आडवा पाडून लांबीत चिरला की २०० लिटरच्या ड्रमचे दोन वाफे होतात, उभा ठेवून मधोमध कापला की लिंबू किंवा कढीपत्त्यासाठी दोन मोठ्या कुंड्या. पण आत आधी काय होतं हे कळल्याशिवाय घेऊ नका. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येणाऱ्या ड्रममध्ये ॲसिड, तेल, कीटकनाशक काहीही असू शकतं. लेबल खरवडून काढलेलं असेल, तर तो ड्रम भाजीसाठी बाद समजा. फळांचा गर, सॉस, ग्लुकोजचा पाक यांचे ड्रम मिळाले तर उत्तम. तळावर त्रिकोणात २ हा आकडा असेल, तर प्लॅस्टिक चांगलं आहे एवढंच कळतं. आत काय भरलं होतं ते त्यावरून कळत नाही.

*लाकडी पॅलेट.* शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, हे चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, हे घेऊ नका. पोखरल्याच्या किंवा मातीच्या नळ्यांच्या खुणा दिसल्या तर वाळवी आहे. ती बागेतून घरातल्या कपाटात जाते.

जुने टायर भाजीसाठी आम्ही सुचवत नाही. आतल्या खाचेत पाणी साचून डास होतात आणि उन्हात रबर फार तापतं.

जुना माठ

दर उन्हाळ्यात नवा माठ आला, की जुना बाहेर जातो. जुन्या माठात पाणी गार का होत नाही? पाण्यातल्या क्षारांनी त्याची सूक्ष्म भोकं बुजलेली असतात. असा माठ कुंडी म्हणून छान चालतो. झिरपणारा माठ मिळाला तर तो मोठ्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून पाणी भरून झाकून ठेवा, भोवतालच्या मुळांना आठवडाभर थोडंथोडं पाणी मिळत राहतं. दोन्हींतला फरक ओळखायला माठ भरून तासभर सावलीत ठेवा आणि बाहेरून हात फिरवा. हाताला ओल लागली तर पुरायचा, कोरडा लागला तर कुंडी करायची.

भोक पाडण्याआधी माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी भाजलेली माती ड्रिलखाली तडकते. माठ उलटा करून आत ओल्या वाळूची पिशवी टेकवा, तळावर चिकटपट्टीची फुली चिकटवा म्हणजे टोक घसरत नाही. विटेला वापरतात ते बिट लावा, आधी ४ मिलिमीटर, मग ८, मग १२. ड्रिलचा ठोके देणारा हॅमर बंद ठेवा, वेग कमी ठेवा, वरून दाब देऊ नका आणि मधूनमधून पाणी शिंपडा. एकदम १२ मिलिमीटरचं बिट लावलं की तळाचा रुपयाएवढा टवका उडतो.

आणलेली कुंडी तपासणं

मातीच्या कुंडीवर बोटाचं पेर आपटा. खणखणीत आवाज आला तर ती चांगली आहे, बद्द आवाज आला तर न दिसणारी चीर आहे. चिरलेली कुंडीही टाकू नका, काठाखाली तार आवळून बांधली की अजून एक-दोन वर्षं जाते. प्लॅस्टिकच्या कुंडीचा काठ अंगठ्यानं दाबा. हाताला पांढरी पूड लागली किंवा करकर आवाज आला, तर उन्हानं प्लॅस्टिक संपलंय. माती भरून उचलताना ती हातातच फुटेल.

पांढरे क्षार व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवल्यावर ब्रशनं निघतात. ज्या कुंडीत झाड रोगानं मेलं असेल ती साबणानं धुऊन, घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग यांत १० मिनिटं बुडवा, मग भरपूर पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच वेळी वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बादलीला तळाशी १० ते १२ मिलिमीटरची ५-६ भोकं हवीत. तळ जमिनीला चिकटून बसला की भोकं बुजतात, म्हणून तळापासून इंचभर वर बाजूलाही दोन भोकं ठेवा. पत्र्याच्या डब्याला खिळा आतून बाहेर ठोका, खाली लाकडाचा ठोकळा धरा. बाहेरून आत ठोकलात तर भोकाची कड आत उचलली जाते, तिच्याभोवती पाणी साचतं आणि तिथूनच गंज लागतो. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवा, नाहीतर गच्चीच्या फरशीत ओल मुरते आणि खालच्या मजल्यावरची तक्रार येते.

फुकटची माती आणि खत

दुसऱ्याच्या कुंडीतली माती घमेल्यात ओतून हातानं चाळा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली पांढरट जाड अळी म्हणजे हुमणी, ती वेचून काढा. जुन्या झाडाच्या मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म कृमी आहेत. ती माती टोमॅटो, वांगी, भेंडीला वापरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ही माती ६ इंचांच्या थरात पसरून भिजवा, पारदर्शक प्लॅस्टिकनं झाका, कडा विटांनी दाबून हवाबंद करा आणि ४ ते ६ आठवडे ठेवा. काळं प्लॅस्टिक स्वतः तापतं पण माती तेवढी तापवत नाही, म्हणून पारदर्शकच हवं.

फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीत शहरभर पानं जमा होतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. आंबा-फणसाची चिवट असतात, चुरून घाला. निलगिरीची टाळा. पानं असलेल्यांना आणि हवी असलेल्यांना जोडून देण्याचं काम पुण्यातच सुरू झालेला ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम करतो. पोत्यात पानं दाबून भरा, शेणपाणी किंवा आंबट ताक शिंपडा, ओल टिकवा. चार-सहा महिन्यांत पोतं खाली बसून पाव होतं, आणि जे उरतं ते काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं.

रसवंतीवरचा उसाचा चोथा पोतंभर सहज मिळतो, पण ताजा घालू नका. त्यातली साखर आंबते आणि मुंग्या येतात. शिवाय कच्चा चोथा कुजवणारे जिवाणू मातीतला नायट्रोजन खाऊन टाकतात, त्यामुळे झाडाची खालची पानं पिवळी पडतात. ‘खत घालूनही झाड पिवळं का?’ याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. आठवडाभर उन्हात वाळवा, मग पानांच्या पोत्यात मिसळून कुजवा. शहाळ्याची सालं तुकडे करून तळाशी २ इंच घाला. नारळाच्या शेंड्यांतले क्षार जावेत म्हणून दोन दिवस भिजवून पाणी टाकून द्या.

२० लिटरच्या बादलीला जुनी माती २ घमेली, कुजलेली पानं १ घमेलं, वाळलेला पाला किंवा कुजलेला चोथा १ घमेलं, आणि मूठभर निंबोळी पेंड, असं प्रमाण धरा. घमेलं लहान घ्या, चार-पाच लिटरचं. नुसत्या मातीनं भरलेली बादली भिजल्यावर ३० किलोंच्या वर जाते, या मिश्रणाची बरीच हलकी राहते. गच्चीवर पंचवीस बादल्या मांडणार असाल तर हा फरक मोठा आहे. त्या भिंतीलगत आणि तुळईवर ठेवा, मधोमध गर्दी करू नका.

गणपतीनंतरचं एक सांगायला हवं. प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं विकसित केली आहे. वर राहणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं. भरपूर पातळ करून ते फुलझाडांना घालता येतं. मूर्तीचे रंग त्यात उतरलेले असल्यानं भाजीला घालू नका. शाडूची माती कुंडीत भरू नका, वाळून दगडासारखी होते. पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी ठेवा.

जमवलेल्या रिकाम्या कुंड्या उलट्या घालून ठेवा, ताटल्या उभ्या करून. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डासांची पुढची पिढी तयार होते, आणि डासांच्या अळ्या सापडल्या की महापालिका नोटीस देते. ज्या कुंड्या सहा महिन्यांत लागल्या नाहीत, त्यांचा वर दिलेलाच निरोप उलटा करून गटात टाका: किती, कोणत्या मापाच्या, कधी येऊन न्यायच्या.